चाकावरची हळद

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. वडे तळले मी, चार रस्त्यावर, चौकात, नेऊन ठेवले मी, आणि माझ्या लेकाच्या गाडीचं पांढरंशुभ्र चाक पिवळंजर्द झालं तेही माझ्याच पायी. नंतर घरात जो तो म्हणायला लागला की चूक आपली, तो भाग वेगळा.

लेक म्हणजे माधव. एकुलता एक, एकोणतीस वर्षांचा आणि हट्टात बापाच्या दोन पावलं पुढे. बाप म्हणजे आमचे हे, दीनानाथ. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत प्रयोगशाळेत ह्यांनी चौतीस वर्षं काढली. माधवही तिथेच लागला, परीक्षा देऊन, स्वतःच्या हिमतीवर. ह्यांनी तेव्हा अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते, आणि ज्यांना गोड चालत नाही त्यांनाही बळेबळे खायला लावले होते.

आणि यंदाच्या गुढीपाडव्याला, ताटावर बसलेलो असताना, हा पठ्ठ्या म्हणतो, "मी राजीनामा दिलाय. मकरपुऱ्यात गाळा घेतलाय. गाड्या धुऊन, पॉलिश करून, नव्यासारख्या करून द्यायच्या."

ह्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. "म्हणजे माझा मुलगा लोकांच्या गाड्या धुणार?"

"धुणार. आणि तुमच्यापेक्षा सुखात राहणार."

झालं! एक वाक्य ह्यांचं, एक त्याचं. संध्याकाळी माधव बॅग भरून बडोद्यातच हरणीला मित्राच्या फ्लॅटवर राहायला गेला. "बाबा स्वतः बोलावतील तेव्हाच या घरात पाऊल टाकीन," असं मला जिन्यात सांगून गेला. आणि हे आत खुर्चीवर बसून म्हणाले, "मी बोलावणार नाही." दोघांचे निरोप पोचवायला मी होतेच, बिनपगारी.

सात महिने. सात महिने माझ्या घरात दोन माणसं एकमेकांचं नाव घेईनात. माधवचा फोन आला की हे उठून गॅलरीत जायचे. ह्यांना ताप आला तेव्हा माधव रोज फोनवर विचारायचा, "आई, तू बरी आहेस ना?" मी म्हणायची, "मी ठणठणीत आहे रे, ताप तुझ्या बापाला आहे."

तुम्हाला वाटेल, बापलेकांची भांडणं होतातच, त्यात काय एवढं. माझे दोन काका असेच होते. अबोला सुरू झाला तेव्हा दोघांनाही वाटलं होतं, दिवाळीपर्यंत मिटेल. ती दिवाळी गेली, पुढची गेली, मग सवयच पडली. बावीस वर्षांनी धाकटे काका गेले तेव्हा थोरले स्मशानात उभे होते आणि त्यांना रडतासुद्धा येईना. मी ते पाहिलंय. म्हणून मला यंदा एवढंच हवं होतं, दिवाळीची पहिली आंघोळ ह्या दोघांनी एका घरात करावी. ही दिवाळी कोरडी गेली तर पुढच्याही तशाच जाणार, अशी धास्तीच बसली होती मला.

आणि अशा वेळी माणूस काय वाटेल ते करतं.

आमच्या खाली, तळमजल्यावर निरुपमाबेन राहतात. बडोद्यात राहून गुजराती रीती मला ठाऊक नाहीत असं नाही. काळी चौदसला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, त्या लोकांत बायका वडे तळतात, तिन्हीसांजेला चार रस्त्यावर नेऊन ठेवतात, भोवती पाण्याचं कडं काढतात आणि मागे वळून न बघता घरी येतात. घरातला ककळाट, म्हणजे भांडणतंटा, असा बाहेर नेऊन टाकायचा. तीस वर्षं मी त्यांना हसत आले. "अहो बेन, भांडण काय वडे खाऊन जातं होय?" पण यंदा काळी चौदसच्या दुपारी त्या जिन्यात भेटल्या आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "शैलाबेन, आ वखते तमे पण काढी आवो." ह्या वेळी तुम्हीही काढून या. मी हसले नाही. तिथेच कळलं मला माझं.

आता वडे उडदाचे किंवा बाजरीचे करतात म्हणे. माझ्याकडे ना डाळ भिजवलेली, ना पीठ दळलेलं. घरात बटाटे होते. मी म्हटलं, वडा तो वडा, ककळाटाला काय कळतंय! झाले बटाटेवडे, लसूण-मिरची ठेचून, चांगली चमचाभर हळद घालून. हे पेपर वाचत होते. "वास छान येतोय," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाहीत." बिचारे परत पेपरात शिरले.

सातच्या सुमाराला द्रोणात सात वडे घेऊन, पाण्याचा तांब्या घेऊन निघाले. आता आमच्या हाताला सवय अशी की हळदकुंकू वाहिल्याशिवाय काही ठेवताच येत नाही. वड्यांवर हळदकुंकू घातलं, तरी समाधान होईना, म्हणून तांब्यातल्या पाण्यातही मूठभर हळद कालवली. चार रस्त्याच्या कडेला द्रोण ठेवला, भोवती पिवळ्या पाण्याचं कडं काढलं, उरलेलं द्रोणातच ओतलं आणि मनात म्हटलं, जा बाबा एकदाचा. आणि मागे न बघता निघाले.

दहा पावलं गेले असेन. मागे रिक्षाचा हॉर्न वाजला, एक गाडी कचकन ब्रेक दाबत कडेला आली आणि 'पच्च' असा आवाज झाला. बघू का? नाही बघितलं. मान ताठ ठेवून चालत राहिले. गाडी माझ्या बाजूने पुढे गेली आणि सरळ आमच्याच फाटकातून आत शिरली.

दार उघडून माधव उतरला.

देवाशपथ सांगते, माझ्या हातातला तांब्या पडला. सात महिन्यांनी! मला वाटलं, बाई गं, लागू पडलं की हे! पण त्याने गाडी बंदसुद्धा केली नव्हती. "आई, हा मिठाईचा डबा घे. मी वर येत नाही, पाच मिनिटांत निघतोय," म्हणाला. आणि मग त्याची नजर पुढच्या डाव्या चाकाकडे गेली.

आता ह्या चाकांबद्दल सांगायला हवं. माधवने गाडीची चारही चाकं पांढरी रंगवून घेतली होती. काळी नाहीत, चंदेरी नाहीत, पांढरी. तो म्हणायचा, गिऱ्हाईक आधी माझं चाक बघतं आणि मगच आपली गाडी माझ्या हातात देतं. रस्त्याची धूळ, ब्रेकची काजळी, डांबर, कशाचा म्हणून ठिपका तो राहू द्यायचा नाही. आणि त्या चाकावर आता तेलकट पिवळा राडा. मधे बटाट्याचे गोळे चिकटलेले, आणि ब्रेक मारून चाक गरम झालेलं, त्यामुळे सगळं छान मुरत चाललेलं.

"हे काय झालं?" तो मटकन खालीच बसला. मी म्हटलं, "काय की बाई!" खोटं बोलले. सरळ खोटं बोलले.

त्याने डिकी उघडली, फडकं काढलं, फवाऱ्याची बाटली काढली. आधी पुसून घेतलं. बटाटा गेला, तेल गेलं, पण पिवळेपणा जागचा हलेना. मग त्याने फवारा मारला, आणि पिवळ्याचं झालं लाल! लालभडक, आणि खाली ओघळायला लागलं. माझा तर जीवच उडाला. निरुपमाबेन आवाज ऐकून दारात आल्या होत्या. त्यांनी ते लाल बघितलं, चाकाला चिकटलेला द्रोणाचा तुकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हाय हाय, ककळाट तो पाछो आव्यो! पाछो घेर आव्यो!" गेलेलं भांडण परत घरी आलं, एवढं बोलून त्यांनी धाडकन दार लावून घेतलं.

मी ह्या असल्या गोष्टी मानत नाही, पण ती वेळ न मानण्याची नव्हती. बाहेर टाकलेलं भांडण माझा मुलगाच चाकाला लावून दारापर्यंत घेऊन आला होता.

माधवने आणखी फवारा मारायला हात उचलला, आणि वरून आवाज आला.

"अरे गाढवा, थांब! अल्कली मारतोयस हळदीवर! लाल होणार नाही तर काय होणार?"

गॅलरीत हे उभे. सात महिन्यांत लेकाला उद्देशून पहिला शब्द काय, तर गाढवा! पण मला विचाराल तर मंत्र म्हटल्यासारखा गोड लागला तो कानाला. माधवने मान वर केली. मला वाटलं, आता उसळणार. तो म्हणाला, "मग काय मारू?"

"काही मारू नकोस. मी येतोय."

आणि आले! लेंगा-बनियनवर, हातात दोन लिंबं घेऊन, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत. गुडघे दुखतात म्हणून मला दूध आणायला पाठवणारा माणूस! चाकाशी उकिडवे बसले, लिंबू कापून फिरवलं. लाल होतं ते बघता बघता परत पिवळं झालं. "आम्लात पिवळी, अल्कलीत लाल. दहावीला शिकवलं होतं तुला." माधव म्हणाला, "तुम्हीच शिकवलं होतंत."

ह्यांनी चाकाला नाक लावलं. चौतीस वर्षं वास घेऊन तेल ओळखण्यात गेलेला माणूस. "हळद. लसूण. बटाटा." आणि सावकाश माझ्याकडे वळले. "शैला, हे तुझे वडे आहेत."

आता काय लपवणार! मी जी सुरू झाले ती थांबलेच नाही. "हो, माझे आहेत! चार रस्त्यावर ठेवून आले होते. तुम्हा दोघांचा ककळाट काढायला गेले होते. हसा मला! सात महिने ह्या घरात मी एकटी बोलतेय, भिंतींशी बोलतेय. तुम्हाला तुमचा मान मोठा, ह्याला ह्याचा. माझं काय? मला माझा मुलगा उद्या सकाळी ह्या घरात आंघोळीला हवाय. त्यासाठी मी वडेच काय, काहीही ठेवीन चार रस्त्यावर!" बोलता बोलता मला रडू फुटलं. फाटकात उभी राहून, तांब्या पायाशी, भरल्या सणाच्या दिवशी रडले मी.

दोघंही अपराध्यासारखे उभे. माधव हळूच म्हणाला, "आई, पण बटाटेवडे?" आणि ह्यांना हसू फुटलं. मला इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं, की मी पदराने तोंड पुसून आतच निघून गेले.

खिडकीतून मात्र ऐकत होते. ह्यांचा आवाज प्रयोगशाळेतला झाला होता. "साबणाने जायचा नाही. हळदीला ऊन लागतं. साडीवरचा डाग नाही का उन्हात उडत? उद्या दिवसभर चाक उन्हात ठेवावं लागेल."

"उद्या?"

"आता रात्री ऊन कुठून आणू?"

मग गाडीचं इंजिन बंद झालं. हुश्श! मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिले. उरलेले वडे तिघांनी मिळून खाल्ले. "मघाशी तर माझ्यासाठी नव्हते," हे म्हणाले, आणि चार खाल्ले.

यंदा पहिली आंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. पहाटे दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं. माधवला तेल लावताना त्याच्या पाठीची हाडं हाताला लागली. हरणीला काय खात होता कोण जाणे. उटणं लावलं, ओवाळलं, दोघांनी तुळशीशी जाऊन कारीट फोडलं. मला जे हवं होतं ते माझ्यासमोर झालं. पण माणसाचा जीव मोठा लोभी, आता वाटायला लागलं, डाग गेला की हा जाणार.

नऊला आवारात ऊन आलं. ह्यांनी खुर्ची टाकली, बरोबर चाकासमोर. "स्टिअरिंग जरा उजवीकडे घे. अजून. बस! आता ऊन सरळ पडतंय." तासातासाने ऊन सरकायचं, तसं हे माधवला चाक वळवायला लावायचे, गाडी हातभर पुढे, हातभर मागे. पहिले दोन तास बोलणं एवढंच. मग मी चहा घेऊन गेले तेव्हा ऐकलं, हे विचारत होते, "त्या तुझ्या फवाऱ्यात असतं काय नक्की?"

"लेबलवर लिहीत नाहीत, बाबा."

"लेबल काय वाचतोस? तपासून बघायचं." आणि वरून लिटमसच्या पट्ट्या घेऊन आले. कुठे ठेवल्या होत्या देव जाणे, दहा वर्षं झाली रिटायर होऊन. बापलेक ओट्यावर बसून बाटल्यांत पट्ट्या बुडवत होते. हे बाटलीवर पेनाने लिहायचे, ही अॅल्युमिनियमला चालेल, ही नाही. "हे असलं जहाल तू लोकांच्या चाकांवर मारतोस? सहा महिन्यांत पापुद्रा निघेल." मला वाटलं, आता पुन्हा पेटणार. माधव म्हणाला, "एका गाडीचा निघाला होता. मला कारणच कळत नव्हतं." त्याने वही काढली आणि लिहून घ्यायला लागला. ह्यांचा चेहरा मी बघितला. ह्या माणसाला माझ्याखेरीज कोणी काही विचारलं त्याला दहा वर्षं झाली होती, आणि मी विचारते ते भाजी कोणती आणायची एवढंच.

चारपर्यंत पिवळं बरंच उडालं. वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके काय ते राहिले. माधवने वाकून पाहिलं. "जवळजवळ गेलाच."

"जवळजवळ म्हणजे गेला नव्हे," हे म्हणाले. "उद्या अजून एक ऊन लागेल." माधव 'बरं' म्हणाला. रात्री लक्ष्मीपूजनाला तोच आरती म्हणत होता, बेसूर, खणखणीत. मी समाधानाने झोपले, पण झोपताना विचार आलाच, उद्या हे ठिपके गेले की मग?

पाडव्याला उजाडता उजाडता गल्लीत सबरसवाला ओरडायला लागला. नवं वर्ष म्हणून गुजराती लोक त्या पहाटे मीठ घेतात, आणि इतकी वर्षं इथे राहून मीही घेते. वाटी घेऊन खाली आले, तर आवारात गाडीच्या चाकाशी कोणीतरी बसलेलं. मी घाबरलेच. जवळ जाऊन बघते तर हे! मांडीशी माझा हळदीचा डबा, आणि बोटाने चाकावर हळद चोळतायत, तेलात कालवून, अगदी बेताबेताने.

"अहो! काय चाललंय हे?"

चोरी पकडल्यासारखे दचकले. "हळू बोल! जागा होईल तो."

"डाग पाडताय तुम्ही?"

"एकच दिवस गं," ते म्हणाले. "आज पुन्हा माखून ठेवलं की दिवसभर ऊन द्यावं लागेल. उद्या भाऊबीज. मग बघू काहीतरी. तो जाईल गं नाहीतर. मला त्याला राहा म्हणता येत नाही. तोंडातून शब्दच निघत नाही माझ्या, काय करू?"

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, ह्या माणसाला मी असं कधी बघितलं नव्हतं. खाली बसले आणि त्यांची पिवळी बोटं माझ्या पदराने पुसायला लागले.

"तेलात नका कालवू, बाबा. रंगात मुरेल."

माधव मागे उभा. कधी आला होता कळलंच नाही. ह्यांनी मान खाली घातली. माधवने डिकी उघडली, एक लहानशी बाटली आणि कापूस काढला, आमच्या शेजारी येऊन बसला. कापूस ओला करून त्या ताज्या पिवळ्यावरून एकदा फिरवला. खालून पांढरं चाक निघालं. कालचे ठिपकेसुद्धा एका हातात गेले.

"स्पिरिट," तो म्हणाला. "पहिल्या रात्रीच आठवलं होतं मला."

ह्यांनी कापसाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मला गॅलरीतच आठवलं होतं."

मी दोघांकडे आळीपाळीने बघत बसले. म्हणजे दोन दिवस एक जण उन्हाचं नाटक करत होता आणि दुसरा ते खरं मानल्याचं, आणि मी मूर्खासारखी डाग जाऊ नये म्हणून देवाला हात जोडत होते! शिव्या घालाव्यात की मिठी मारावी तेच कळेना.

चाक आता स्वच्छ होतं. थांबायला कारण उरलं नव्हतं. माधव बाटलीचं झाकण लावत राहिला, लावून झालं तरी फिरवत राहिला.

ह्यांनी घसा खाकरला. "गाळा कधी उघडणार आता?"

"लाभपाचमला, सगळी दुकानं उघडतात तेव्हाच. नऊला मुहूर्त आहे."

"मी आलो तर चालेल?"

माधवने बाटली खाली ठेवली. डोळे भरून आले होते त्याचे, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "साडेआठला निघू इथून," तो म्हणाला. "माझे कपडे हरणीला आहेत, आज जाऊन सगळे घेऊन येतो."

"मीही येतो बरोबर," हे म्हणाले. "सामान उचलायला एकटा कसा पुरशील?" आणि तसेच, लेंगा-बनियनवर, गाडीत जाऊन बसले.